कापडी पॅड, कप, पिरियड पॅंटी: सुरुवात बादलीपासून करा

माझा पहिला कप, म्हणजे योनिमार्गात बसवून पाळीचं रक्त गोळा करायची सिलिकॉनची छोटी वाटी, दीड वर्ष कपाटात पडून होता. पाळीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या घाईत, बाहेर पडायला वीस मिनिटं उरलेली असताना मी तो पहिल्यांदा हातात घेतला होता. व्हायचं तेच झालं. तो आत जाईना, गेला तर उघडेना, उघडला असं वाटलं तर दुपारी कपडे डागले. मग चिडून डबीत टाकला आणि पुन्हा पॅडचं पाकीट उघडलं. नंतर कितीतरी मैत्रिणींकडून हीच गोष्ट ऐकली, तेव्हा लक्षात आलं की चूक कपाची नव्हती, क्रमाची होती.

बहुतेक जणी आधी वस्तू विकत घेतात आणि मग ती धुवायची कुठे, वाळवायची कुठे याचा विचार करतात. हे उलट करा. पुन्हा वापरायच्या वस्तूचा सगळा फायदा ती नीट स्वच्छ होते की नाही यावर उभा आहे. म्हणून पहिला प्रश्न असा: तुम्हाला दिवसातून दोनदा, दार बंद करून, पाणी आणि साबण मिळेल का? आणि ऊन किंवा वारा लागेल अशा जागी कपडा उघडा वाळत टाकता येईल का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर काहीही चालेल. वाळवायला जागा नसेल, तर कापडापेक्षा कप सोयीचा, कारण तो पुसला की कोरडा. आणि आत काही घालणं नकोसं वाटत असेल तर कापडी पॅड किंवा पिरियड पॅंटी, म्हणजे शोषणारे थर आतच शिवलेली चड्डी. त्यात कमीपणा काही नाही.

फायदा नक्की किती?

बारा-तेराव्या वर्षी पाळी सुरू झाली आणि पन्नाशीच्या आसपास थांबली, तर गरोदरपणाचे महिने वजा जाता साधारण चारशे ते साडेचारशे पाळ्या होतात. एका पाळीला पंधरा पॅड धरले तरी आयुष्यभरात सहा हजारांच्या वर जातात. सिलिकॉनचा एक कप नीट सांभाळला तर कित्येक वर्षं टिकतो. बरेच उत्पादक दहा वर्षांपर्यंत सांगतात. म्हणजे तेवढ्याच काळाला चार-पाच कप. चांगले शिवलेले कापडी पॅड दोन ते पाच वर्षं जातात. सुरुवातीला एकदम पैसे जातात, हे खरं. पण पहिल्या वर्षा-दीड वर्षात ते बहुधा वसूल होतात आणि पुढे खर्च जवळजवळ शून्य.

कचऱ्याचं गणितही सोपं आहे. वापरून फेकायच्या पॅडचा वरचा थर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा, खालचा पॉलिथिनचा, दोन्ही प्लास्टिकच, आणि मधे ओलावा धरून ठेवणारी पावडर, जी भिजली की जेलसारखी होते. हे वेगळं करून पुन्हा वापरता येत नाही. पुरलं तर वर्षानुवर्षं राहतं, उघड्यावर जाळलं तर धूर. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२१ साली वेगवेगळ्या साधनांच्या जन्मापासून विल्हेवाटीपर्यंतच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात पर्यावरणावरचा भार सगळ्यांत कमी कपाचा निघाला. कापडी पॅडच्या बाबतीत मात्र पाणी किती, गरम की गार, साबण किती, यावर हिशोब हलतो.

अंगाला होणारा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. मांड्यांच्या सांध्यात घासून होणारं पुरळ, घामाने चिकटणारं प्लास्टिक, दमट वास, हे बऱ्याच जणींचं कमी होतं. बाजारातले पॅड म्हणजे विषच, अशी भीती घालून विकणाऱ्या जाहिराती मात्र बाजूला ठेवा. बदलायला पुरेशी कारणं आहेत, घाबरायची गरज नाही.

पहिली पाळी: फक्त नोंद

काही विकत घेण्याआधी एक पाळी नेहमीचंच वापरा, पण वहीत लिहा. कुठल्या दिवशी किती वेळा बदलावं लागलं, रात्री उठावं लागलं का, गाठी पडल्या का. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिली रक्त जातं. ८० मिलीच्या वर गेलं तर डॉक्टर त्याला जास्त म्हणतात. हा आकडा पहिल्यांदा वाचल्यावर माझा विश्वास बसला नव्हता, कारण पॅडवर ते कितीतरी जास्त दिसतं. कपात जमतं ते सगळं रक्त नसतंही. त्यात गर्भाशयाचं सुटलेलं अस्तर आणि इतर स्राव मिसळलेले असतात. पण अंगावरून किती जातं हे महिन्यामागून महिना एकाच मापाने कळायला लागतं, आणि तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर ‘खूप जातं’ याऐवजी आकडा सांगता येतो. दर तासा-दोन तासांनी पॅड भिजत असेल तर वस्तू बदलण्याआधी तपासणी करून घ्या.

याच पाळीत, कप घ्यायचा विचार असेल तर, आणखी एक माप घ्या. हात धुऊन, नखं कापून, एक बोट हलकेच योनिमार्गात घाला. टोकाला नाकाच्या शेंड्यासारखं टणक-मऊ काहीतरी लागेल, ते गर्भाशयमुख. बोटाच्या पहिल्या पेरापर्यंतच लागलं तर ते खाली आहे आणि तुम्हाला आखूड कप हवा. मधल्या पेराच्या पुढे लागलं तर नेहमीच्या लांबीचा चालेल. बोट पोचतच नसेल तर लांब कप, नाहीतर काढताना शोधावा लागेल. पाळीच्या दिवसांत गर्भाशयमुख बरेचदा खाली येतं, म्हणून हे माप त्याच दिवसांत घ्यायचं. पाकिटावर ‘तिशीच्या आतल्या’ आणि ‘बाळंतपण झालेल्या’ असे दोन आकार लिहिलेले असतात. ते ढोबळ आहेत. बोटाचं माप जास्त खरं.

कापडी पॅड: सगळं धुण्यात आहे

चांगल्या पॅडला तीन भाग असतात. अंगाला लागणारा मऊ सुती थर, मधे शोषणारे टॉवेलसारखे थर, आणि खाली पाणी न झिरपणारं, आतून लेप दिलेलं पातळ कापड. घरी शिवायचं असेल तर हा खालचा थर नसला तरी चालतं, फक्त बदलायची वेळ लवकर येते. दिवसासाठी सहा ते आठ आणि रात्रीसाठी लांब असे दोन-तीन असले की धुण्याची घाई होत नाही. नवे पॅड वापरण्याआधी दोन-तीनदा धुवा. कोऱ्या कापडावरची खळ गेल्याशिवाय ते नीट शोषत नाही. पहिल्याच वापरात गळलं म्हणून बऱ्याच जणी नाद सोडतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

आता धुणं. काढला की लगेच गार पाण्याखाली धरा आणि पाणी जवळजवळ नितळ होईपर्यंत दाबत राहा. गरम पाणी नको, कारण उष्णतेने रक्तातली प्रथिनं घट्ट होऊन धाग्यांना धरतात आणि डाग पक्का होतो. मग साबण लावून अर्धा तास ठेवा, चोळा, आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून काढा. साबण उरला तर पुढच्या वेळी खाज येते आणि दोष पाळीला जातो. लगेच धुणं शक्य नसेल तर गार पाण्यात भिजत घाला, पण रात्रभराहून जास्त नको. साचलेल्या त्या पाण्यात जंतू वाढतात आणि वास बसतो. गार पाण्यातून एकदा काढलेले पॅड बाकी कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकायला काही हरकत नाही. कपडे मऊ करणारं द्रव्य मात्र टाळा, त्याने धाग्यांवर थर बसतो आणि शोषण कमी होतं. जुना डाग निघत नसेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं लावा. फेस येतो आणि डाग सैल होतो. गडद रंगावर आधी कोपऱ्यात लावून बघा.

वाळवण्याबद्दल मी जरा कडक आहे. ऊन हवंच, ते नसेल तर खेळता वारा. लाजेखातर दुसऱ्या कपड्याखाली झाकून वाळत घातलेला पॅड आतून दमट राहतो, त्याला बुरशी धरते, आणि मग खाज, पांढरा स्राव, संसर्ग असं सगळं मागे लागतं. दोन बोटांत दाबून मधला थर गार लागला तर तो वाळलेला नाही, असं समजा. नुसत्या सुती पॅडला सुती बाजूने इस्त्री फिरवता येते. लेपाचं कापड असलेल्याला नको, लेप वितळतो.

वापरताना चार ते सहा तासांनी बदला, भरला नसला तरी. बाहेर बदलायची वेळ आली तर वापरलेला पॅड आतल्या बाजूने दुमडून, बटण लावून, पाणी न झिरपणाऱ्या छोट्या पिशवीत ठेवा. घरी आल्यावर पिशवी विसरू नका. हे मी अनुभवाने सांगते, आणि जास्त तपशील देत नाही.

कप: कोरडा सराव आधी

कप नवा नाही. अमेरिकेत लिओना चाल्मर्स यांनी १९३७ साली रबरी कपाचं पेटंट मिळवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात रबराची टंचाई झाली आणि तो मागे पडला. आजचे कप बहुतेक वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचे. २०१९ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ मध्ये ४३ अभ्यासांचा आणि सुमारे ३,३०० स्त्रियांच्या अनुभवांचा आढावा प्रसिद्ध झाला. गळती पॅड किंवा टॅम्पॉन (योनिमार्गात घालायचा शोषक बोळा) यांच्याइतकीच किंवा कमी निघाली, आणि सरावल्यावर सुमारे ७० टक्के जणींना कप पुढे वापरायचा होता. सरावल्यावर, हा शब्द त्यात महत्त्वाचा. दोन-तीन पाळ्या धडपडीच्या असतात, हे आधीच धरून चाला.

पहिल्यांदा वापरण्याआधी मोठ्या भांड्यात कप पूर्ण बुडेल एवढं पाणी उकळून त्यात पाच मिनिटं ठेवा. तळाला टेकून राहिला तर चिकटतो, म्हणून स्टीलच्या गाळणीत ठेवा. आणि घड्याळ लावा. पाणी आटून कप जळल्याच्या कहाण्या प्रत्येक मैत्रिणींच्या गटात एक तरी असते.

पहिला सराव सुट्टीच्या दिवशी, मागे कोणी हाक मारणार नाही अशा वेळी. पाळी नसताना योनिमार्ग कोरडा असतो, म्हणून पाण्यात विरघळणारं वंगण थोडं लावा. सिलिकॉनवर सिलिकॉनचं वंगण नको, कप खराब होतो. घडी दोन प्रकारे घालून बघा. एक, कप चपटा करून इंग्रजी सी अक्षरासारखा वाकवायचा. दुसरी, वरच्या कडेवर बोट ठेवून ती एका बाजूने आत दाबायची, म्हणजे टोक निमुळतं होतं. नवख्या बाईला बहुधा दुसरी सोपी जाते. उकिडवं बसा, किंवा एक पाय उंचावर ठेवा. श्वास सोडताना कप सरळ वर नव्हे, तर मागे, माकडहाडाच्या दिशेने सरकवा. कप सोडला की तो उघडायला हवा. बुडाभोवती बोट फिरवून बघा. खळगा लागला तर घडी उघडलेली नाही, कप धरून थोडा फिरवा किंवा जरा खाली ओढून सोडा. हलकेच ओढल्यावर अडल्यासारखं वाटलं की बसला. आत आहे हे जाणवतं, टोचतं, असं होत असेल तर बसलेला नाही.

काढणं ही खरी परीक्षा, कारण पहिल्या वेळी जीव घाबरतो आणि स्नायू आवळले जातात. कप पोटात हरवू शकत नाही. गर्भाशयमुखाचं तोंड जेमतेम काही मिलिमीटरचं असतं. हात लागत नसेल तर अर्धा तास सोडून द्या, चाला, पाणी प्या, मग उकिडवं बसून शौचाला बसल्यासारखा खाली जोर द्या. कपाचं बूड अंगठा आणि तर्जनीत आलं की ते चिमटा. आत हवा शिरून पकड सुटते, कधी आवाजही होतो. मग एक बाजू आधी, दुसरी नंतर, असा किंचित तिरका करत बाहेर घ्या. कपाच्या बुडाला असलेला देठ धरून ओढणं कधीच नको. दिवसभर प्रयत्न करूनही निघाला नाही तर डॉक्टरांकडे जा. त्यांच्यासाठी ते दोन मिनिटांचं काम आहे. देठ टोचत असेल तर दोन-तीन पाळ्यांनंतर, कप बाहेर असताना, थोडा थोडा कापा.

पाळी चालू असताना कप आधी गार पाण्याने, मग बिनवासाच्या सौम्य साबणाने धुवा. कडेखालची बारीक छिद्रं तुंबतात आणि मग पकड धरत नाही. कप पाण्याने भरून, तोंड तळव्याने दाबून पिळला की त्यातून पाण्याच्या चिळकांड्या उडतात आणि ती मोकळी होतात. जंतुनाशक द्रव, ब्लीच, व्हिनेगर यांच्या वाटेला जाऊ नका. बाहेरच्या स्वच्छतागृहात बेसिन आत नसेल तर पाण्याची छोटी बाटली बरोबर ठेवा. तेही नसेल तर ओतून, कागदाने पुसून परत बसवा आणि घरी आल्यावर धुवा. पाळी संपली की पुन्हा उकळा, पूर्ण वाळवा, कापडी पिशवीत ठेवा. बंद प्लास्टिकच्या डबीत नको.

किती तास? पाकिटावर लिहिलेलं पाळा. बहुतेक ठिकाणी आठ ते बारा तासांची मर्यादा असते. त्यामागे कारण आहे. १९८० साली अमेरिकेत अतिशोषक टॅम्पॉनमुळे टॉक्सिक शॉक सिंड्रोमची साथच आल्यासारखं झालं होतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस जंतूचं विष रक्तात भिनून हा आजार होतो. कपाबरोबर तो अत्यंत दुर्मीळ आहे, पण झालेला आहे. पाळीत अचानक जोराचा ताप, उलट्या-जुलाब, उन्हाने भाजल्यासारखं पुरळ, चक्कर असं एकत्र आलं तर कप लगेच काढा, थेट रुग्णालय गाठा आणि कप वापरत होते हे सांगा.

कॉपर टी किंवा गर्भाशयात बसवलेलं दुसरं साधन असेल तर कप घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. कपाच्या ओढीने ते सरकल्याची, बाहेर आल्याची उदाहरणं आहेत. वापरायचाच ठरलं तर काढताना पकड पूर्ण सोडवल्याशिवाय ओढायचं नाही. बाळंतपण किंवा गर्भपातानंतर अंगावरून जाणं थांबून डॉक्टर हो म्हणेपर्यंत पॅडच. अंग बाहेर येत असेल, योनीत संसर्ग चालू असेल, तेव्हाही कप नको. कप घातल्यावर कुशीत किंवा पाठीत एका बाजूला दुखायला लागलं तर काढा. चुकीच्या जागी बसलेला कप मूत्रवाहिनी दाबू शकतो. लघवी अडखळत असेल तर कप फार कडक आहे, मऊ घ्या. आणि लग्न न झालेल्या मुलींनी वापरावा का, हा प्रश्न. योनिपटल ताणलं जाऊ शकतं, कधी फाटूही शकतं, आणि कौमार्याशी त्याचा काही संबंध नाही. वापरायचा की नाही हे मुलीने स्वतः ठरवायचं.

डिस्क आणि पॅंटी, थोडक्यात

डिस्क म्हणजे कपासारखीच रक्त गोळा करणारी, पण पसरट, उथळ वाटी. ती कपापेक्षा वर, गर्भाशयमुखाखाली आडवी बसते आणि पुढच्या हाडामागे अडकते. २०२३ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत पाण्याऐवजी खरं मानवी रक्त वापरून साधनं तपासली गेली. डिस्कमध्ये सगळ्यांत जास्त, सरासरी ६१ मिली मावलं, पिरियड पॅंटीत सगळ्यांत कमी. काढताना हात माखतो, हे आधीच माहीत असू द्या.

पॅंटी म्हणूनच शेवटच्या दिवसांना, कपाला जोड म्हणून, किंवा नुकती पाळी सुरू झालेल्या मुलींना सोयीची. वाळायला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन तरी हव्यात. काही पॅंटींत डाग आणि पाणी रोखणारी पीएफएएस ही रसायनं सापडली होती, आणि अमेरिकेत त्यावरून खटलाही झाला. घेताना ती नसल्याचं स्पष्ट लिहिलंय का बघा.

दुसरी आणि तिसरी पाळी

दुसऱ्या पाळीत नवी वस्तू फक्त घरी वापरा, आणि सुरुवात कमी जाण्याच्या दिवसांपासून, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी करा. कपाला सोबत पातळ कापडी पॅड लावा. तिसऱ्या पाळीत दिवसभरासाठी बाहेर पडा, जोड तशीच ठेवून. रात्र सगळ्यांत शेवटी. प्रवास, परीक्षा, समारंभ यांच्या तोंडावर पहिला प्रयोग करू नका.

तीन पाळ्यांनंतरही कप गळत असेल तर आधी तो किती भरतो ते बघा. काठोकाठ भरून गळत असेल तर लवकर रिकामा करायला हवा. अर्धा रिकामा असून गळत असेल तर घडी उघडत नाही, किंवा गर्भाशयमुख कपाच्या बाजूला राहून जातं; मग लांबी किंवा कडकपणा बदलून बघा. आणि तरीही जमलं नाही तर कापडी पॅडवर या. मी स्वतः दिवसा कप आणि रात्री कापडच वापरते, कारण झोपेत मला कपाची आठवण होत राहते.

कपाटात उरलेलं पॅडचं पाकीट फेकू नका. एखाद्या दिवशी पाणी नसतं, एखादीला तुमच्याकडे असतानाच पाळी येते, आणि तेव्हा तिला घड्यांचे प्रकार समजावून सांगण्यात अर्थ नसतो.